तारेला मेण लाव, मग पडदा ओढ

गुरुजी गेले ते ऐन बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या आठवड्यात. पहाटे झोपेतच गेले. मला कळलं ते कोइमतूरवरनं, गावातनं नाही, कारण आमच्या माणदेशातली निम्मी माणसं बाहेरच असतात, कोण गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तिकडं दक्षिणेत, कोण मुंबईला माथाडी, कोण मिल्ट्रीत, आणि गावातली बातमी आधी तिकडं पोचते मग शेजारच्या वाडीला कळते. आमच्या चौथीच्या ग्रुपवर एवढंच आलं होतं, "आपले गुरुजी गेले". नाव कुणी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. त्यांच्यानंतर शाळेत कितीजण आले, ते 'सर' झाले, 'मॅडम' झाल्या, पण नुसतं 'गुरुजी' म्हटलं की तेच.

दहाव्याला घाटावर भाषणं झाली. गुरुजी किती कडक होते, पाढे पाठ नसले की कसं उभं करायचे, चौथीच्या स्कॉलरशिपला कंदिलावर कशी पोरं बसवली, जनगणनेला अन् इलेक्शन ड्युटीला कधी टाळाटाळ केली नाही. सगळं खरं आहे, एक शब्द खोटा नाही. पण मला तिथं बसल्या बसल्या सारखं गॅदरिंगच आठवत होतं. स्नेहसंमेलन हा शब्द पत्रिकेवर असायचा, तोंडात सगळ्यांच्या गॅदरिंगच. आणि मला अगदी मनापासून वाटतं की गुरुजी काय माणूस होता ते कळायचं असेल तर वर्गात नाही, गॅदरिंगच्या रात्री स्टेजच्या मागं उभं राहून बघायला पाहिजे होतं. मी उभी होते, दोन वर्षं, म्हणून लिहितेय.

आधीचं थोडं सांगते. शाळा पूर्वी मारुतीच्या देवळात भरायची, लोकल बोर्डाची शाळा म्हणायचे तेव्हा. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, शाळा झेडपीची झाली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत गुरुजी रुजू झाले. पीटीसी, म्हणजे मास्तरकीचा कोर्स झालेलं विशीतलं पोरगं, सायकलच्या कॅरेजला वळकटी बांधलेली, असं आई सांगायची. आल्या वर्षीच त्यांनी गॅदरिंग घेतलं. गावाला असलं काही माहीतच नव्हतं, जत्रेचा तमाशा माहीत, भजन माहीत, पोरांनी काय करायचं स्टेजवर? दोन बैलगाड्या शेजारी शेजारी लावून त्यावर फळ्या टाकल्या, गॅसबत्ती भजनी मंडळाची आणली, आणि शाळेतली होती नव्हती तेवढी सगळी पोरं त्या फळ्यांवर एकदा तरी चढवली.

हे 'सगळी' महत्त्वाचं आहे. गुरुजींचा एकच नियम होता, पटावर नाव आहे म्हणजे गॅदरिंगच्या वहीत नाव पाहिजे. गाणं येतंय त्यानं गाणं म्हणायचं, लेझीम खेळता येतीय त्यानं लेझीम, काहीच येत नाही त्यानं झाड होऊन उभं राहायचं, तेही जमत नसेल तर पाणी भरायचं, सतरंज्या घालायच्या, बत्तीला पंप मारायचा. पण काम पाहिजे, आणि ते काम शेवटी माईकवरनं नावासकट वाचून दाखवलं जायचं. पाणी भरणाराचं नावही त्याच आवाजात वाचायचे ज्या आवाजात शिवाजी महाराज झालेल्या पोराचं. माईक नव्हता तेव्हा असेच ओरडून वाचायचे म्हणे.

1972 च्या दुष्काळात बाकी सगळं बंद पडलं पण गॅदरिंग बंद पडलं नाही, हे मी आईकडून किती वेळा ऐकलंय. गाव सगळं कामावर होतं, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी. मोठी माणसं खडी फोडायची, पोरं पाटी उचलायला मागं मागं, शाळेत बसायला होतं कोण. सुकडी मिळायची कामावर, रेशनला तो लाल मिलो, म्हणजे बाहेरनं आलेली ज्वारी, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणे. तर गुरुजी संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला तलावाच्या कामावर गेले आणि तिथंच, खडीच्या ढिगाऱ्यासमोर, पोरांना उभं केलं. पडदा नाही, बत्ती नाही, दिवस मावळायच्या आत उरकलं. आई म्हणायची, "हातावर फोड आलेलं, पर टाळ्या वाजवल्या बया आमी." पुढं रोजगार हमी कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, ती योजना मांडणाऱ्या वि. स. पागेंचं नाव आता सगळे घेतात आणि घ्यायलाच पाहिजे, पण आमच्या गावात रोजगार हमी म्हटलं की म्हाताऱ्या बाया अजून ते खडीवरचं गॅदरिंग सांगतात.

मेंढपाळांच्या पोरांचं एक वेगळंच होतं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे तांडे, मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, पोरंबाळं बरोबर, ती परत यायची पावसाच्या तोंडावर. म्हणजे गॅदरिंगला ती कधीच गावात नसायची. गुरुजींना हे फार लागायचं. मग त्यांनी 15 ऑगस्टला त्या पोरांचा कार्यक्रम सुरू केला, झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात गजी ढोल, म्हणजे धनगरांचा ढोलावरचा नाच, पांढरे झगे, हातात रंगीत रुमाल, आणि त्या दिवशी आम्ही बाकीचे नुसते बघायला. वर्षभर ज्यांची हजेरी लाल शाईत ती पोरं त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं. पुढं 1995 नंतर शाळेत तांदूळ मिळायला लागला, 80 टक्के हजेरी असेल तर महिन्याला 3 किलो, तेव्हा याच पोरांना तो मिळायचा नाही कारण हजेरीच भरायची नाही, यावर गुरुजी किती तळमळायचे ते मी सुट्टीला गावी गेल्यावर डोळ्यानं बघितलंय. ज्याला खरी गरज तोच कागदात बसत नाही, असं म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

मुलींचं सांगायचं राहिलं, आणि माझी गोष्ट तिथंच सुरू होते.

सुरुवातीला मुलींना कुणी स्टेजवर पाठवायचं नाही. जिजामाता पण मुलगाच व्हायचा. गुरुजींनी पहिल्यांदा स्वतःची मुलगी उभी केली, मग हळूहळू एकेक. गॅदरिंग आधी 26 जानेवारीच्या आसपास असायचं, ते त्यांनी एका वर्षी 3 जानेवारीला आणलं. कारण विचारलं तर म्हणाले, सावित्रीबाई फुले आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, नायगाव खंडाळा तालुक्यात, 3 जानेवारी 1831 चा जन्म, आपल्या जिल्ह्यातल्या बाईनं मुलींना शिकवलं आणि आपल्याच जिल्ह्यातली मुलगी स्टेजवर चढत नाही हे बरोबर नाही. तेव्हा हा दिवस असा गावोगावी साजरा होत नव्हता हो, आता सगळे करतात.

मी तिसरीत होते. नाचात माझं नाव होतं, साडी पण ठरली होती आईची. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, साफ सांगितलं, पोरगी स्टेजवर नाचणार नाही. आबा वाईट माणूस नव्हते, पण भावकीला भ्यायचे. मी रडून रडून ताप आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, शाळूचं विचारलं, विहिरीच्या पाण्याचं विचारलं. मी दाराआड. मला वाटलं आता भांडतील. तर म्हणाले, "आबा, नाचायचं राहू द्या. मला पडदा ओढायला खात्रीचं माणूस पाहिजे. पोरं धांदरट आहेत, मधेच ओढतात. ही शांत आहे. कुणाला दिसायची पण नाही." आबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तो पडदा मला अजून डोळे मिटले तरी दिसतो. जांभळा, चार चादरी रंगवून काकींनी, म्हणजे गुरुजींच्या मिसेसनी, मशीनवर शिवलेला, वरती लोखंडी कड्या, एका बाजूला 12 दुसऱ्या बाजूला 12. दोन डांबांना ताणून बांधलेली तार. ती तार नवी असली तरी कड्या अडकायच्या, मग पडदा अर्ध्यात थांबायचा आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. गुरुजींनी खिशातनं मेणबत्तीचा तुकडा काढला, मला स्टुलावर उभं केलं आणि शिकवलं, "तारेला मेण लाव, मग पडदा ओढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधी जागा सोडायची नाही. आणि एक लक्षात ठेव, आतल्याचं आवरल्याशिवाय ओढायचा नाही. भायेरचे कितीबी ओरडू देत."

हे आतल्याचं आवरणं म्हणजे काय ते मला त्याच रात्री कळलं. दुसरीतला एक पोरगा मावळा होता, बारका, काळासावळा, घरचं अगदीच हलाखीचं. त्याची एंट्री आली आणि तो पुढचं पब्लिक फटीतनं बघून घाबरला, चड्डी ओली झाली आणि तो तिथंच मटकन खाली बसला. बाहेर माईकवर अनाउन्समेंट झालेली. मी दोरी धरून उभी. शिट्ट्या सुरू, कुणीतरी ढेकूळ पण मारलं पडद्यावर. गुरुजी आले, काही बोलले नाहीत, रागावले तर नाहीतच, पटकन गुडघ्यावर बसले, ट्रंकेतनं दुसरा लेंगा काढला, स्वतःच्या हातानं त्याला घातला, नाडी बांधली, आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचं नाक पुसलं. रडून मिशी पुसली गेली होती, ती काजळाच्या डबीत बोट बुडवून परत काढली, आधी उजवीकडची मग डावीकडची, आणि मान तिरकी करून बघितलं दोन्ही सारख्या झाल्यात का. बाहेर एवढा दंगा चाललाय आणि हा माणूस दोन्ही मिशा सारख्या करतोय! मग त्या पोराच्या हातात लाकडी तलवार दिली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. मी दोरी ओढली. मेण लावलेल्या तारेवरनं पडदा असा सळसळत गेला की मला आजपण तो आवाज ऐकू येतो. आणि तो पोरगा काय बोललाय म्हणून सांगू! पुढं मिल्ट्रीत गेला, सुभेदार होऊन रिटायर झाला. दहाव्याला आला होता, घाटावर एका कडेला उभा होता, भाषणाला या म्हटलं तर आला नाही.

त्या रात्री शेवटी बक्षिसांचं वाचन. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडं गॅदरिंगला एखादं गाणं, एखादा पोवाडा आवडला की लोक जागेवरनं पैसे पाठवायचे, चिठ्ठीवर नाव लिहून, आणि माईकवर सांगायचे, अमुक अमुक यांच्याकडून शाळेला 5 रुपये, तमुक यांच्याकडून 11 रुपये. पैसे कलाकाराच्या नावानं पण जमा शाळेला. पत्रे त्यातनंच आले, घंटा म्हणून जो रुळाचा तुकडा टांगलाय तो पण त्यातनंच. तर चिठ्ठ्या वाचता वाचता गुरुजी थांबले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "पडदा ओढणाऱ्या मुलीला तिच्या वडलांकडून 1 रुपया." मी पडद्यामागं होते. मला आबा दिसत नव्हते, आबांना मी दिसत नव्हते. आम्ही दोघं नंतर त्यावर आयुष्यात कधी बोललो नाही. त्या वर्षीच्या पैशातनं शाळेला भारताचा मोठा नकाशा आला, कापडावर चिकटवलेला, गुंडाळायचा. त्यात माझा 1 रुपया आहे, हे मी आज पन्नाशीत आले तरी विसरलेली नाही.

चौथीत पण मी पडदाच ओढला. नाचायचं विचारलं होतं गुरुजींनी, आबा पण काही म्हणाले नसते बहुतेक, पण मलाच पडदा सोडवेना.

मधली काही वर्षं त्यांची बदली झाली दुसऱ्या वाडीला. गाव पंचायत समितीवर गेलं, अर्ज केले, काही झालं नाही. पण 3 जानेवारीच्या आधी आठ दिवस रोज शाळा सुटली की सायकलवरनं यायचे तालमीला, थंडीत, मफलर बांधून, आणि रात्री परत. तिथल्या वाडीत पण गॅदरिंग सुरू केलंच त्यांनी. नंतर परत आमच्याकडं आले आणि इथनंच रिटायर झाले.

रिटायर झाले 31 मेला. जन्मतारीख 1 जून, आणि नियम असा आहे की एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते. आता ही 1 जून खरी होती का हे त्यांनाही माहीत नव्हतं. आमची पण नाही. गावातल्या जुन्या माणसांचे दाखले काढून बघा, निम्म्यांची जन्मतारीख 1 जून. आया यायच्या शाळेत नाव घालायला आणि सांगायच्या, पोरगं झालं तवा लई गारा पडल्यात्या, नाहीतर बेंदराच्या तिसऱ्या दिशी. गुरुजी बोटं मोजायचे, पोराचे दात बघायचे आणि जून महिन्यात सहा वर्षं पुरी होतील अशी तारीख जनरल रजिस्टरला घालायचे. माझी पण तीच. म्हणून मोबाईल आल्यावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचं ठरलं तेव्हा तारखेवर चर्चाच झाली नाही. 1 जून. सगळ्यांचा वाढदिवस. पोरांच्या सुट्ट्या असतात, गलाईवाले आलेले असतात. दरवर्षी गुरुजी खुर्चीवर मधी, आणि आम्ही पन्नाशी-साठीचे त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून. खुर्च्या असायच्या हो, पण बसायचं कुणी नाही. गेल्या मेळाव्याला ऐकू कमी यायला लागलं होतं त्यांना, पण प्रत्येकाला जवळ बोलवून विचारलं, आता काय काम करतोस? नोकरी किती पगाराची असं नाही, काम काय करतोस.

चार्ज देतानाची एक गोष्ट आत्ताच्या बाईंनी मला दाखवली. शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर असतं, त्यात टेबल, खुर्ची, कपाट, फळा सगळं लिहिलेलं असतं. गॅदरिंगची ट्रंक गुरुजींची स्वतःची, स्वतःच्या पगारातनं भरलेली, घरी नेली असती तर कुणी विचारलं नसतं. त्यांनी ती रिटायर व्हायच्या आधी रजिस्टरला चढवली. अक्षर बघा, काय अक्षर होतं! पत्र्याची ट्रंक 1, मुकुट पुठ्ठ्याचे 6, तलवारी लाकडी 9, घुंगरू जोड 4, लेंगे लहान 5, पडदा जांभळा कड्यांसह 1. नोंद असली की कुणी टाकून देत नाही, असं म्हणाले होते म्हणे. लेंगे लहान 5 वाचलं आणि माझ्या घशात आवंढा आला, कारण ते कशासाठी ठेवलेले असायचे ते मला माहीत आहे.

आणि वही. काकींनी दहावा झाल्यावर आम्हाला घरात बोलवून गॅदरिंगच्या वह्या दाखवल्या, सगळ्या वर्षांच्या, खाकी कव्हर घातलेल्या. प्रत्येक पानावर तीन रकाने. नाव, काम, आणि घरून काय आणायचे. आईची हिरवी साडी. काठी. वडिलांचा फेटा. तांब्या. आम्ही आपापली नावं शोधत होतो, हसत होतो, डोळे पुसत होतो. मग आमच्यातल्या एकानं बोट ठेवलं. काही नावांपुढं तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं, "काही नाही". त्या मावळ्याच्या नावापुढं, काही नाही. खडीवर जाणाऱ्या विधवा बाईच्या दोन्ही पोरींपुढं, काही नाही. ज्यांच्या घरात मागायला गेलं तर घरातल्याला मान खाली घालावी लागली असती त्या प्रत्येक पोरापुढं, न चुकता, वर्षानुवर्षं. आम्हाला तेव्हा वाटायचं ह्यांना बरं काही आणावं लागत नाही, ह्यांना ट्रंकेतला भारी मुकुट मिळतो! एवढी वर्षं कुणाला कळलं नाही. त्या पोरांना पण नाही.

माझ्या नावापुढं, काम : पडदा. घरून : मेणबत्तीचा तुकडा. खाली बारीक अक्षरात, "आहे माझ्याकडे".

शाळेचा पट आता 17 वर आलाय. 20 च्या आतल्या शाळांचं काय होणार याची चर्चा अधनंमधनं चालूच असते, बाईंना त्याचा घोर आहे, आम्हालाही आहे, आणि त्यासाठी जे काही करता येईल ते गावानं करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पण 3 जानेवारीची तयारी सुरू झालीय. 17 च्या 17 नावं वहीत आहेत, बाईंनी फोटो पाठवला, तीन रकान्यांसकट. ट्रंक उघडली, मुकुट दोनच धड आहेत, घुंगरू मदुराईवाल्यानं पाठवतो म्हटलंय. पडदा काकींच्या सुनेनं धुवून दिला, दोन ठिकाणी विरलाय तिथं ठिगळ लावणार आहेत. कड्या मात्र पार गंजल्यात, 24 च्या 24 बदलायला लागतील. त्या मी घेऊन जाणार आहे. लोखंडीच घेतल्यात, आधीच्या मापाच्या. पडदा ओढायला तिसरीतली एक मुलगी ठरलीय, तिच्यासाठी मेणबत्ती पण पिशवीत टाकलीय.